सागरी श्वेतबिंदू रोग

सागरी श्वेतबिंदू रोग हा समुद्राच्या पाण्यातील अस्थिमत्स्यांना होणारा परजीवीजन्य रोग आहे. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या पक्ष्माभिकाधारी एकपेशीय आदिजीवामुळे तो होतो. रोगी माशाच्या त्वचेवर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, त्यावरून रोगाला हे नाव मिळाले. मत्स्यपालक त्याला ‘मरीन इक’ असेही म्हणतात. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत शोभिवंत मासे दगावण्याच्या प्रमुख कारणांत या रोगाची गणना होते. उष्ण प्रदेशातील सागरी मत्स्यशेतीलाही त्याचा उपद्रव होतो.

हा परजीवी माशाच्या शरीरावर एका वेळी काही दिवसच राहतो. उरलेला काळ तो टाकीच्या तळाशी पुटीच्या रूपात किंवा पाण्यात मुक्तपणे पोहत घालवतो. त्यामुळे अंगावरील ठिपके नाहीसे होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. बहुधा ती पुढील, अधिक तीव्र लागणीची पूर्वतयारी असते. रोगाचे निदान, औषधाची निवड आणि उपचारांची मुदत या तिन्ही गोष्टी परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरवाव्या लागतात.

नाव व इतिहास

सागरी माशांवरील श्वेतबिंदू रोगाचे वर्णन जपानी संशोधक सिकामा यांनी १९३० च्या दशकात केले. पुढे १९५१ मध्ये ब्राउन यांनी या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे शास्त्रीय नाव दिले. प्रजातीचे नाव ‘लपलेले’ आणि ‘केंद्रक’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. पेशीतील दाट कणमय द्रव्यामुळे परजीवीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसत नाही, हे त्यामागील कारण आहे.

गोड्या पाण्यातील माशांनाही श्वेतबिंदू रोग होतो. तो इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलीस या वेगळ्या आदिजीवामुळे होतो. दोहोंची लक्षणे आणि जीवनचक्रे इतकी सारखी आहेत, की दीर्घकाळ त्यांना जवळचे नातलग मानले जात असे. जनुकीय अभ्यासांनंतर मात्र दोघे पक्ष्माभिकाधाऱ्यांच्या वेगवेगळ्या वर्गांत मोडतात, असे स्पष्ट झाले. त्यांच्यातील साम्य समान जीवनपद्धतीमुळे स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहे. व्यवहारातही हा फरक महत्त्वाचा ठरतो. गोड्या पाण्यातील रोगावर पाण्याचे तापमान वाढवण्याचा उपाय केला जातो. समुद्री रोगावर त्याचा उपयोग होत नाही. उलट उबदार पाण्यात परजीवीचे चक्र अधिक वेगाने फिरते.

यजमान मासे

उष्ण व समशीतोष्ण समुद्रांतील बहुतेक अस्थिमत्स्यांना या परजीवीची लागण होऊ शकते. प्रवाळ खडकांवरील सर्जन मासे, म्हणजे मत्स्यपालकांच्या बोलीतील ‘टँग’, त्याला विशेष लवकर बळी पडतात. फुलपाखरू मासे व एंजल मासेही संवेदनशील आहेत. मँडरिन माशाच्या अंगावर श्लेष्माचा जाड थर असल्याने त्यावर ठिपके क्वचितच दिसतात. परंतु असा मासाही परजीवी वाहून आणू शकतो. शार्क व पाकट यांसारख्या कास्थिमत्स्यांना हा रोग सहसा होत नाही. कोळंबी, शंख-शिंपले व प्रवाळ यांना लागण होत नाही, पण त्यांच्यासोबत आलेल्या पाण्यातून, खडकांवरून किंवा शंखांच्या पृष्ठभागावरून परजीवीच्या पुटी नव्या टाकीत येऊ शकतात. माणसाला हा रोग होत नाही.

जीवनचक्र

परजीवीच्या जीवनचक्रात चार अवस्था असतात. सुमारे २३ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात त्याची वाढ उत्तम होते. त्याहून थंड पाण्यात वाढणारे काही प्रकारही आढळले आहेत.

१. पोषी अवस्था, अर्थात ट्रॉफाँट : या अवस्थेत परजीवी माशाची बाह्यत्वचा भेदून तिच्याखाली राहतो आणि माशाच्या पेशी व ऊतकद्रव यांवर जगतो. दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे तेथे फिरत असलेला परजीवी आणि त्याभोवती तयार झालेली त्वचेची फुगोटी होय. पूर्ण वाढलेला परजीवी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोठा होतो. ही अवस्था साधारणपणे ३ ते ७ दिवस टिकते.

२. पूर्वपुटी अवस्था, अर्थात प्रोटोमाँट : पोषण पूर्ण झाले की परजीवी मासा सोडतो, आपल्या पक्ष्माभिका टाकतो आणि काही तास तळावर सरपटत योग्य जागा शोधतो. मासा सोडण्याची ही क्रिया मुख्यतः अंधारात होते.

३. पुटी अवस्था, अर्थात टोमाँट : वाळू, खडक, काच किंवा नळीचा पृष्ठभाग यांना चिकटून परजीवी स्वतःभोवती टणक आवरण तयार करतो. आत त्याचे वारंवार विभाजन होते. एका पुटीतून २०० किंवा अधिक जीव बाहेर पडू शकतात. सर्व पुटी एकाच वेळी फुटत नाहीत. बहुतेक पुटी ३ ते २८ दिवसांत फुटतात, परंतु ७२ दिवसांनी फुटलेल्या पुटींचीही नोंद आहे.

४. संसर्गी अवस्था, अर्थात थेराँट : पुटीतून बाहेर पडलेले हे जीव सुमारे ०.०५ मिलिमीटर लांब, नासपतीच्या आकाराचे आणि वेगाने पोहणारे असतात. ते मुख्यतः पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात. त्या वेळी अनेक मासे खडकांच्या आडोशाला, तळाजवळ स्थिर असतात. यजमान न मिळाल्यास साधारण एक-दोन दिवसांत हे जीव मरतात. त्यांची संसर्गक्षमता तर काही तासांतच घटू लागते.

समुद्रात आणि टाकीत फरक का पडतो

प्रवाळ खडकांवरील निसर्गात राहणाऱ्या माशांवरही हा परजीवी आढळतो, परंतु तेथे तो सहसा मोठ्या प्रमाणावर मासे मारत नाही. मासा सोडून तळाला गेलेल्या परजीवीच्या पुटी फुटेपर्यंत मासे दुसरीकडे गेलेले असतात आणि थेराँट अफाट पाण्यात विखुरतात. काचेच्या टाकीत हे अंतर उरत नाही. उदाहरणादाखल, एका पुटीतून निघालेल्या २०० जीवांपैकी फक्त ५ टक्क्यांना मासा मिळाला, असे मानले तरी एका परजीवीचे पुढच्या फेरीत १० आणि त्यापुढच्या फेरीत १०० होतात. पहिल्या फेरीत मत्स्यपालकाला दोन-चार ठिपके दिसतात. ते आपोआप जातात आणि मासा बरा झाला, असे वाटते. आठवड्या-दोन आठवड्यांनी संपूर्ण अंग ठिपक्यांनी भरते आणि टाकीतील इतर मासेही आजारी पडतात. उपचारांसाठी सर्वात अनुकूल असलेला काळ या दोन घटनांच्या मधला असतो आणि तोच बहुधा वाया जातो.

लक्षणे

रोगाची पुढील लक्षणे दिसतात :

- त्वचा, पर व डोळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान, एकमेकांपासून सुटे पांढरे ठिपके.
- खडक, वाळू किंवा उपकरणांवर अंग घासणे, अंगाला झटके देणे.
- जलद श्वसन, एकच कल्ला हलवणे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ किंवा प्रवाहाच्या तोंडाशी थांबणे.
- अंगावर श्लेष्माचा थर वाढणे, रंग फिका पडणे, डोळे धुरकट होणे.
- खाणे सोडणे, परांच्या कडा झिजणे.

अनेकदा परजीवी प्रथम कल्ल्यांमध्ये शिरतो. अशा माशाच्या अंगावर एकही ठिपका नसतो, केवळ श्वसनाचा वेग वाढलेला असतो. कल्ल्यांच्या पेशींची हानी झाल्याने मासा गुदमरतो. मृत्यूचे मुख्य कारण बहुधा हेच असते. परजीवी बाहेर पडताना त्वचेला झालेल्या जखमांतून जिवाणूंचा दुय्यम संसर्ग होतो आणि त्वचेची अखंडता गेल्याने शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल बिघडतो.

निदान

निश्चित निदान सूक्ष्मदर्शकाने होते. माशाच्या अंगावरील श्लेष्म हलक्या हाताने खरवडून, त्याच टाकीतील पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवून, ४० ते १०० पट वर्धनाखाली लगेच पाहतात. संथपणे गोल फिरणारा, काळपट कणांनी भरलेला, कडेला पक्ष्माभिकांची हालचाल दाखवणारा गोलसर किंवा अंडाकृती जीव दिसल्यास निदान पक्के होते. या परजीवीचे मोठे केंद्रक चार मण्यांसारखे असते; गोड्या पाण्यातील श्वेतबिंदू परजीवीचे घोड्याच्या नालेसारखे असते.

सूक्ष्मदर्शक उपलब्ध नसल्यास ठिपक्यांचे स्वरूप, त्यांचे काही दिवसांनी जाणे-येणे आणि रोगाचा वेग यांवरून अंदाज बांधावा लागतो. अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून पाहिल्यास बारीक ठिपके अधिक स्पष्ट दिसतात. वाळूचे कण किंवा हवेचे बुडबुडे यांमुळेही फसगत होते. मात्र ते काही मिनिटांत निघून जातात.

इतर परजीवींपासून वेगळी ओळख

खाऱ्या पाण्यातील माशांच्या निरनिराळ्या परजीवींवर निरनिराळे उपचार लागू पडतात. चुकीच्या निदानाने वेळ जातो आणि काही रोगांत तो केवळ एक-दोन दिवसांचाच असतो.

मखमली रोग : ॲमिलोओडिनियम ओसेलॅटम या द्विकशाभिक आदिजीवामुळे होतो. ठिपके श्वेतबिंदूहून कितीतरी बारीक व असंख्य असतात. अंगावर पिठूळ, सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसते. कल्ल्यांवर प्रथम हल्ला होत असल्याने धूळ दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकतो, प्रकाश टाळतो आणि पाण्याच्या झोतात उभा राहतो. काही दिवसांत संपूर्ण टाकीतील मासे मरू शकतात. एका पुटीतून २५६ पर्यंत जीव निघतात. हा परजीवी फार कमी लवणतेतही जगतो, त्यामुळे लवणता घटवण्याचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो. तांबे व क्लोरोक्विन फॉस्फेट यांचा उपयोग होतो.

ब्रुकलिनेला : ब्रुकलिनेला होस्टिलिस हा पक्ष्माभिकाधारी आदिजीव विशेषतः क्लाउन माशांवर आढळतो. सुटे ठिपके नसतात; अंगावरून श्लेष्माचे पांढरट पापुद्रे सुटतात. त्याला पुटी अवस्था नसते, तो माशावरच द्विभाजनाने वाढतो. म्हणून रोग अतिशय वेगाने बळावतो. तांब्याने तो आटोक्यात येत नाही. फॉर्मॅलीनचे नियंत्रित स्नान हा प्रस्थापित उपाय आहे.

युरोनिमा : युरोनिमा मरायनम हा एरवी पाण्यात मुक्तपणे जगणारा, जिवाणूंवर उपजीविका करणारा आदिजीव आहे. दुबळ्या माशांच्या अंगावर तो लालसर व्रण पाडतो आणि स्नायू व अंतर्गत अवयवांपर्यंत पोहोचतो. क्रोमिस माशांत तो वारंवार दिसतो. आत शिरलेल्या परजीवीवर पाण्यात मिसळलेली औषधे फारशी चालत नाहीत.

चपटे कृमी : निओबेनेडेनिया व तत्सम एकयजमानी कृमी त्वचेवर व डोळ्यांवर राहतात. ते काही मिलिमीटर लांब पण पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. डोळे धुरकट होणे आणि अंग घासणे ही त्यांची खूण होय. माशाला गोड्या पाण्यात सुमारे ५ मिनिटे ठेवल्यास कृमी अपारदर्शक पांढरे होऊन गळून पडतात. हे निदानही आहे आणि तात्पुरता उपायही. प्राझिक्वांटेल हे त्यांच्यावरील औषध आहे. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने, अंडी फुटल्यावर पुन्हा मात्रा द्यावी लागते. पिवळ्या टँगवर दिसणारे काळे बारीक ठिपके दुसऱ्या एका गटातील चपट्या कृमींचे असतात.

कवचधारी परजीवी व जळवा : समपाद, म्हणजे आयसोपॉड, वल्हेपाद, म्हणजे कोपेपॉड, तसेच जळवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मोठे परजीवी चिमट्याने काढता येतात.

लिम्फोसिस्टिस : हा विषाणूजन्य रोग असून परजीवीजन्य नाही. परांच्या कडांवर फुलकोबीसारख्या गाठी येतात आणि त्या कित्येक आठवडे त्याच जागी राहतात. श्वेतबिंदू समजून अशा माशाला तांबे देणे हानिकारक ठरते.

उपचारांची तत्त्वे

पोषी अवस्थेतील परजीवी माशाच्या त्वचेखाली सुरक्षित असतो आणि पुटीचे आवरण औषधांना दाद देत नाही. पाण्यात मिसळलेल्या बहुतेक औषधांचा मारा केवळ मुक्तपणे पोहणाऱ्या थेराँटवर होतो. यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, औषध सुरू केल्यावरही सुरुवातीच्या दिवसांत नवे ठिपके दिसू शकतात. म्हणून ते निष्फळ मानून थांबवू नये. दुसरा, ठिपके गेल्यानंतरही औषधाची परिणामकारक मात्रा अखंड ठेवावी लागते. तिसरा, टाकीतील एका माशाला रोग दिसला तर सर्व माशांवर उपचार आवश्यक असतो.

हे उपचार मुख्य टाकीत न करता वेगळ्या उपचार टाकीत करतात. प्रवाळ, कोळंबी व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे, फॉर्मॅलीन, क्लोरोक्विन आणि कमी लवणता घातक ठरतात. शिवाय वाळू व चुनखडीयुक्त खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील मात्रा स्थिर राहत नाही. उपचार टाकीत तळ रिकामा, लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांचे तुकडे, तापक, हवा पंप आणि आधी जिवाणू वसवलेली स्पंजची गाळणी एवढी सामग्री पुरते. सक्रिय कोळसा औषध काढून टाकतो, म्हणून तो गाळणीतून काढलेला असावा. लहान टाकीत अमोनिया झपाट्याने वाढतो; त्याची रोज चाचणी घ्यावी लागते.

उपचार पद्धती

तांबे

तांब्याचा वापर हा सर्वाधिक प्रचलित उपाय आहे. मोरचूद किंवा कॉपर सायट्रेटपासून मिळणाऱ्या मुक्त तांब्याची मात्रा दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. याहून कमी मात्रेत परजीवी जगतो. अधिक मात्रेत मासे विषबाधेने मरतात. म्हणून मात्रा एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवून, रासायनिक चाचणी संचाने रोज मोजतात. बद्ध स्वरूपातील तांब्याच्या तयार औषधांची मात्रा यापेक्षा बरीच जास्त असते आणि ती त्या त्या उत्पादनाच्या माहितीपत्रकानुसारच घ्यावी लागते. दोन प्रकारांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरणे प्राणघातक ठरते. उपचार किमान ३ आठवडे, अनेकदा ४ आठवडे चालवतात. मात्रा मध्येच घसरल्यास मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात. अमोनिया निष्प्रभ करणारी काही रसायने तांब्याबरोबर एकत्र आल्यास विषारी परिणाम होतो. त्याऐवजी पाणी बदलणे सुरक्षित असते. शार्क व पाकट तांब्याला फार संवेदनशील असतात.

लवणता घटवणे

समुद्राच्या पाण्याची लवणता साधारणपणे दर हजारी ३५ भाग असते. ती दोन-तीन दिवसांत दर हजारी १४ ते १६ भागांवर आणून ३ ते ४ आठवडे ठेवल्यास बहुतेक प्रकारांच्या पुटी नष्ट होतात. सागरी अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने त्यांना ही घट सोसते. मात्र लवणता एक-दोन भागांनी वर सरकली तरी उपाय फसतो. म्हणून साध्या तरंगत्या मापकाऐवजी नीट अंशांकित केलेला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. पाण्याचा सामूही घसरणार नाही, याकडेही लक्ष द्यावे लागते. शेवटी लवणता पूर्ववत करताना ती सावकाश, कित्येक दिवसांत वाढवतात. कमी लवणतेतही जगणारे परजीवीचे प्रकार तैवानमध्ये आढळले आहेत. त्यामुळे हा उपाय प्रत्येक वेळी यशस्वी होईलच असे नाही.

टाकी बदलण्याची पद्धत

इस्रायलमधील संशोधक कॉलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत औषधाविना चालते आणि पूर्णपणे जीवनचक्रावर आधारलेली आहे. मासा सोडल्यापासून पुटी फुटेपर्यंत परजीवीला किमान सुमारे ३ दिवस लागतात. तेवढ्या मुदतीत माशांना दुसऱ्या, कोरड्या व निर्जंतुक केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवले, तर गळून पडलेले सर्व परजीवी मागे राहतात. दर तिसऱ्या दिवशी एकूण ४ वेळा असे केल्यास १२ दिवस होतात. परजीवी माशावर जास्तीत जास्त आठवडाभर राहत असल्याने तोवर सर्व परजीवी गळून गेलेले असतात. हलवताना जुने पाणी शक्य तितके कमी येऊ द्यावे लागते. जाळी, तापक, नळ्या व स्पंज यांपैकी काहीही नव्या टाकीत न्यायचे नसते. रिकामी केलेली टाकी धुऊन पूर्ण वाळवल्यास तीच पुढच्या पाळीला वापरता येते. दोन टाक्यांत हा उपचार पार पडतो. मखमली रोगावर मात्र या पद्धतीवर विसंबता येत नाही.

इतर औषधे

क्लोरोक्विन फॉस्फेट हे मूळचे हिवतापावरील औषध दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम मात्रेत वापरले जाते. शुद्धता व मात्रा यांबाबत जलचरांच्या पशुवैद्याचा सल्ला घेणे आवश्यक असते. माणसांसाठीच्या गोळ्या अंदाजाने कुटून पाण्यात टाकणे धोक्याचे आहे. फॉर्मॅलीन परिणामकारक असले तरी ते पाण्यातील प्राणवायू कमी करते आणि माणसासाठी कर्करोगकारक आहे. ते हातमोजे घालून, मोकळ्या हवेत हाताळतात. तळाशी पांढरा साका बसलेले जुने फॉर्मॅलीन माशांना अधिक विषारी असते, म्हणून ते वापरत नाहीत. गोड्या पाण्यातील अल्पकाळचे स्नान त्वचेखालच्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे या रोगावर तो उपचार ठरत नाही.

मुख्य टाकी रिकामी ठेवणे

माशांवर वेगळ्या टाकीत उपचार चालू असताना मुख्य टाकीत एकही मासा न ठेवल्यास पुटींतून निघालेले थेराँट यजमानाअभावी मरतात. यासाठी पूर्वी ६ आठवड्यांची मुदत सुचवली जाई. ७२ दिवसांनी फुटलेल्या पुटींची नोंद लक्षात घेऊन अनेक मत्स्यपालक आता ७६ दिवस थांबतात. या काळात प्रवाळ, कोळंबी व शंख टाकीत राहू शकतात. एकच मासा मागे राहिला, तरी साखळी तुटत नाही.

प्रतिबंध

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता किमान ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा सर्वात खात्रीचा प्रतिबंध आहे. दुकानातील टाक्यांना अनेकदा एकाच गाळणीतून पाणी फिरत असते. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या माशालाही लागण झालेली असू शकते. पिशवीतील पाणी आपल्या टाकीत ओतले जाऊ नये. प्रवाळ व खडकही माशांविना वेगळे ठेवणे इष्ट असते. दोन टाक्यांसाठी जाळी, बादल्या व नळ्या वेगवेगळ्या असाव्यात. ओले हात किंवा उडालेले तुषार यांतूनही थेराँट पोहोचू शकतात.

अतिनील किरणांचा दिवा व बारीक गाळणी यांतून जाणाऱ्या पाण्यातील थेराँट कमी होतात, परंतु पुटींवर आणि माशावरील परजीवींवर त्यांचा परिणाम होत नाही. ही साधने तीव्रता घटवतात. ती रोगाचे निर्मूलन करत नाहीत.

रोगातून वाचलेल्या माशांत या परजीवीविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि ती काही महिने टिकते. मात्र असा मासा अल्प प्रमाणात परजीवी बाळगून नव्या माशांना लागण देऊ शकतो. सुस्थितीत दिसणाऱ्या जुन्या टाकीत नवा मासा सोडताच रोग उफाळतो, त्याचे हे एक स्पष्टीकरण आहे. प्रायोगिक लसींवर संशोधन झाले आहे.

प्रचलित गैरसमज

‘क्लीनर रास मासे किंवा सफाई कोळंबी परजीवी खाऊन टाकतात’ हा समज सर्वदूर आहे. क्लीनर रास माशाचा निसर्गातील मुख्य आहार नॅथिड या समपादांच्या अळ्यांचा असतो. त्वचेखाली दडलेला श्वेतबिंदू परजीवी त्याला काढता येत नाही. अन्नात लसूण मिसळल्याने मासा खाण्यास उद्युक्त होऊ शकतो, परंतु लसूण हा या रोगावरील खात्रीलायक उपचार नाही. ‘परजीवी प्रत्येक टाकीत असतोच, ताण आल्यावरच रोग होतो’ हे विधानही अर्धवट आहे. ताणामुळे माशाची प्रतिकारशक्ती घटते हे खरे. पण ज्या टाकीत परजीवी आलेलाच नाही, तेथे केवळ ताणामुळे हा रोग उद्भवत नाही.

मत्स्यशेती व भारतातील संदर्भ

जिताडा, हेकरू व इतर सागरी माशांच्या शेतीत हा परजीवी नुकसानकारक ठरतो. पिंजऱ्यांत किंवा टाक्यांत मासे दाटीने ठेवलेले असल्याने मत्स्यालयासारखीच परिस्थिती निर्माण होते. तळापासून पुरेशा उंचीवर पिंजरे ठेवणे, माशांची दाटी कमी करणे आणि लागण झाल्यास मासे दुसऱ्या जागी किंवा टाकीत हलवणे हे उपाय तेथे केले जातात. खाण्याच्या माशांवर औषधे वापरण्यास कायद्याच्या मर्यादा असतात.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या कृत्रिम प्रजननाची तंत्रे विकसित केली आहेत. नियंत्रित टाक्यांत वाढवलेले मासे प्रवाळ खडकांवरून पकडलेल्या माशांपेक्षा परजीवी आणण्याची शक्यता कमी असते. मात्र दुकानातील सामाईक पाण्यात आल्यावर हा फायदा टिकत नाही.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील मत्स्यपालक कधी कधी थेट समुद्राचे पाणी वापरतात. पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळ पाण्याची लवणता मोठ्या प्रमाणात घटते, म्हणून ते मोजल्याशिवाय वापरणे योग्य नसते. अशा पाण्यातून परजीवी येण्याचा संभवही असतो. काही दिवस माशांविना झाकून साठवल्यास त्यातील मुक्त थेराँट मरतात. औषध घातलेले पाणी आणि रोगी मासे, विशेषतः परदेशी जातींचे, खाडीत किंवा समुद्रात सोडू नयेत. त्यामुळे औषध व परजीवी दोन्ही स्थानिक जलचरांपर्यंत पोहोचू शकतात.